टिंब, फुली आणि सिसलॉग

आमच्या घरी दुधाच्या हिशोबावरून वाद झाला की शेवटचा शब्द कालनिर्णयचा असतो. जयंतराव साळगावकरांनी 1973 साली कालनिर्णय काढलं, तेव्हा तिथी, सण, मुहूर्त आणि मागच्या पानावर वाचायला काहीतरी, एवढाच त्यांचा बेत असावा. पण घरोघरच्या बायकांनी त्या चौकोनांचा खरा उपयोग ताबडतोब ओळखला: दुधाचे खाडे. दूध आलं नाही की त्या तारखेवर फुली. महिनाअखेरीला फुल्या वजा करायच्या, उरलेल्या दिवसांना दराने गुणायचं आणि पैसे चुकते करायचे.

माझ्या आईच्या कालनिर्णयात फुल्यांखेरीज आणखी एक खूण असते. ज्या दिवशी दूध येतं त्या चौकोनाच्या कोपऱ्यात ती पेनाने एक बारीक टिंब देते. आता फुली नाही म्हणजे दूध आलंच की! मग टिंब कशाला? हा प्रश्न मला चाळीस वर्षांत कधी पडला नव्हता. तो पडायला माझी नोकरी मध्ये यावी लागली.

मी जॉब शेड्यूलरच्या टेस्ट लिहितो. हे वाक्य मी एका लग्नात सहज बोलून गेलो, तर त्या आठवड्यात नात्यातल्या दोन मुलांचे बायोडेटा आले. एकाने तर ‘काका, टेस्टचा सिलॅबस पाठवा’ असंही लिहिलं होतं. तेव्हापासून मी फक्त ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगतो.

तर हा जॉब म्हणजे नोकरी नव्हे. समजा, एक अगडबंब कॉम्प्युटर आहे. पुण्यात पाषाणला हवामानाचं गणित करायला 2018 साली ‘प्रत्यूष’ बसवला, तसला. त्याच्यापुढे शास्त्रज्ञांची रांग. कुणाला मान्सून मोजायचाय, कुणाला विमानाच्या पंखावरची हवा. प्रत्येकाचं काम म्हणजे एक जॉब. आणि दवाखान्यात कंपाउंडर जसा ‘तुमचा नंबर सतरा, बसा तिकडे’ म्हणतो, तसं म्हणणारा जो प्रोग्राम, तो जॉब शेड्यूलर. कंपाउंडरसारखंच त्यालाही कुणी थेट विचारत नाही की मधल्या दाराने आत्ता आत गेला तो कोण होता.

आमचा शेड्यूलर म्हणजे पीबीएस, अर्थात पोर्टेबल बॅच सिस्टिम. अमेरिकेतल्या नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी 1991 साली त्याचं काम सुरू झालं. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅकने ‘परम 8000’ उभा केला. म्हणजे इकडे यंत्र आणि तिकडे रांगेची शिस्त साधारण एकाच सुमारास जन्माला आली. रांगेच्या शिस्तीच्या आमच्या आवृत्तीचा कोड 2016 साली सर्वांना खुला झाला आणि माझ्यासारख्यांनाही त्यात हात घालता येऊ लागला. एवढी एकच आपत्ती त्या कोडवर त्यानंतर ओढवली.

पीबीएसच्या संसारात मुख्य माणसं तीन. सर्व्हर हा नोंदी ठेवणारा हेडक्लार्क. शेड्यूलर ठरवणार कुणाचा नंबर कधी. आणि प्रत्यक्ष काम होतं त्या प्रत्येक मशीनवर तिसरी व्यक्ती असते, तिचं नाव मॉम. विनोद नाही, हेच अधिकृत नाव आहे. ‘मशीन ओरिएंटेड मिनिसर्व्हर’ असं त्याचं लांबलचक रूप सांगतात. पण ज्याने ते ठेवलं त्याच्या मनात आधी आई आली असणार आणि मग तिच्यासाठी शब्द जुळवले असणार, अशी माझी खात्री आहे. कारण मॉमची कामं बघा. जॉबला उठवून कामाला लावणं, तो फार खातोय का हे बघणं, दिलेल्या वेळेपेक्षा जास्त रेंगाळला तर कान धरून बाहेर काढणं आणि तो गेल्यावर त्याचा पसारा आवरणं.

हे तिघेही पक्के रोजनिशी लिहिणारे. प्रत्येकाची वेगळी वही, दर दिवसाला नवी फाइल, फाइलचं नाव म्हणजे ती तारीख. आत एकेक ओळ: वेळ, प्रसंगाचा प्रकार, कोण, कुणाबद्दल, काय झालं, मध्ये अर्धविराम. शेड्यूलर तर नकारसुद्धा सविस्तर लिहितो: चालवत नाही, सीपीयू अपुरे, हवेत 2, मोकळे 1, एकूण 1. आपल्याकडे ‘साहेब जागेवर नाहीत’ एवढ्यावर परत यायची सवय असलेल्या माणसाला असा नकार वाचून भरून येतं.

आता माझं काम. या शेड्यूलरची तपासणी करणारी एक चौकट आहे. तिचं नाव पीबीएस टेस्ट लॅब, पायथॉनमध्ये लिहिलेली. टेस्ट चालवायच्या कमांडचं नाव ‘बेंचप्रेस’. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या लोकांनी ठेवलेलं आहे हे सांगायला नकोच. ही चौकट एक जॉब पाठवते आणि मग तो नीट चालला की नाही ते ठरवते. कसं ठरवते? बऱ्याच वेळा वही वाचून. वहीच्या, म्हणजे लॉगच्या, शेवटच्या पन्नासेक ओळी उघडायच्या, हवं ते वाक्य आहे का बघायचं, नसेल तर जरा थांबून पुन्हा बघायचं. इस्त्रीवाल्याकडे शर्ट टाकून दर पाच मिनिटांनी ‘झाला का?’ विचारणाऱ्या माणसाचा हा स्वभाव आहे. फक्त इथे तो शर्टाकडे बघत नाही, इस्त्रीवाल्याच्या वहीत ‘झाला’ असं लिहिलंय का ते बघतो. शर्ट घडी घालून समोर ठेवलेला असला तरी वहीत नाही म्हणजे झाला नाही.

मला या विचारसरणीचं नवल वाटत नाही. हयातीचा दाखला मागणाऱ्या खिडकीपुढे जो कुणी स्वतः जिवंत उभा राहिला आहे, त्याला वाटणार नाही.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग मागणी आली की या टेस्टना सिसलॉगही वाचता आला पाहिजे. मागणी रास्त होती. हजारो मशीन असलेल्या ठिकाणी हजारो आयांच्या हजारो वह्या कोण चाळत बसणार? त्यामुळे ‘घरच्या वहीत लिहू नका, सगळं सिसलॉगला कळवा’ अशी सोय पीबीएसमध्ये आधीपासून आहे. दोन-तीन सेटिंग बदलली की झालं. मी ती बदलली, घरची वही बंद केली आणि टेस्ट चालवल्या. जॉब आले, चालले, संपले, मॉमने पसारा आवरला. आणि पडद्यावर लालच लाल. सगळ्या टेस्ट नापास. चौकट घरच्या वहीपाशी जाऊन बसली होती आणि कोऱ्या पानाकडे बघून प्रत्येक जॉबला मृत घोषित करत होती.

‘दोन दिवसांचं काम आहे,’ मी मीटिंगमध्ये सांगितलं. हे वाक्य मीटिंगच्या टिपणात लिहून ठेवण्यात आलं. नोंदींवर विश्वास ठेवणारी माणसं मला सगळीकडेच भेटतात.

सिसलॉग म्हणजे गावची चावडी. मुळात तो एका पोस्टमनची खासगी डायरी होता. 1980च्या दशकात बर्कलीला एरिक ऑलमनने ई-मेल पोचवणारा सेंडमेल नावाचा प्रोग्राम लिहिला, त्याच्या नोंदींसाठी सिसलॉग तयार केला. शेजारच्या प्रोग्रामनी बघितलं की इथे बरी वही मांडली आहे. तेही येऊन लिहू लागले. बघता बघता सगळं गाव तिथे लिहू लागलं. नियम मात्र कुणी केलेच नव्हते. लोक काय करताहेत हे 2001 साली एका दस्तऐवजात टिपलं गेलं आणि कसं करायला हवं याचं रीतसर मानक 2009 साली आलं. आधी वहिवाट, मग सातबारा. हा क्रम आपल्या ओळखीचा आहे.

चावडीवर बातमी देताना दोन गोष्टी सांगाव्या लागतात: तुम्ही कोणत्या आळीचे आणि बातमी किती गंभीर. गांभीर्याला 0 ते 7 असे आकडे, आणि आकडा जितका लहान तितकं संकट मोठं. 0 म्हणजे घर पेटलंय. 3 म्हणजे भाजी करपली. 4 म्हणजे करपेल. 6 म्हणजे भाजी टाकली. 7 म्हणजे मी आता चमचा उचलते आहे, उचलला, ठेवला. आळ्या 24. त्यात कर्नल आहे, मेल आहे, आणि यूयूसीपी नावाची एक आळीही आहे. फोनच्या तारेवरून रात्री-अपरात्री निरोप पाठवायच्या त्या जुन्या पद्धतीचा आता मागमूस नाही, पण तिची आळी शाबूत आहे. सोसायटीच्या पाटीवर तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचं नाव असतं तशी. शेवटच्या आठ आळ्या ‘लोकल’ म्हणून मोकळ्या ठेवल्या आहेत, उपऱ्यांसाठी. पीबीएसला त्यातली एखादी देता येते. आळीच्या आकड्याला आठने गुणून त्यात गांभीर्य मिळवलं की बातमीचा क्रमांक येतो. 16 क्रमांकाच्या आळीची साधी माहिती म्हणजे 134. पाढे पाठ करून घेणाऱ्या आमच्या मास्तरांना शेवटी न्याय मिळाला, तो असा.

पहिली अडचण: ही चावडी आहे कुठे? डेबियन आणि उबुंटू गावात तिच्या फाइलचं नाव सिसलॉग. रेड हॅट गावात मेसेजेस. अलीकडे बहुतेक गावांत जर्नल नावाची एक नवी इमारत उभी राहिली आहे, तिथली वही साध्या डोळ्यांना वाचता येत नाही. खिडकीवरच्या कारकुनाला विचारावं लागतं. मी तिन्ही ठिकाणी जाणारा कोड लिहिला. दोन दिवस संपले.

दुसरी अडचण तारखेची. सिसलॉगच्या जुन्या पद्धतीत महिना, दिवस आणि वेळ लिहितात. वर्ष लिहीत नाहीत. ‘31 डिसेंबर, रात्री 11:59.’ कुठल्या सालचा, ते ज्याचं त्याने समजून घ्यायचं. मी समजून घेतलं: वर्ष नाही, तर चालू वर्ष धरावं. एक जानेवारीच्या पहाटे टेस्टने आदल्या रात्रीची नोंद वाचली आणि तिला नवं वर्ष चिकटवलं. त्यामुळे ती नोंद बारा महिन्यांनी घडणार असल्याचं निष्पन्न झालं. टेस्टची अट एवढीच होती की नोंद ‘टेस्ट सुरू झाल्यानंतरची’ हवी. ती होतीच, चांगली वर्षभर नंतरची. टेस्ट पास. पीबीएसने त्या दिवशी भविष्य वर्तवलं. हे पान कालनिर्णयमध्ये शोभलं असतं, लॉगमध्ये नाही.

याच तारखेने आणखी एक चटका दिला. दोन आकडी तारखेआधी एक मोकळी जागा असते, एक आकडी तारखेआधी दोन. म्हणजे ओळी एकाखाली एक नीट बसतात. माझा कोड प्रत्येक मोकळ्या जागेवर सुरी चालवत होता. त्यामुळे 1 ते 9 तारखेला एक तुकडा जास्त पडायचा आणि टेस्ट नापास व्हायच्या. मला ते 7 तारखेला दिसलं. मी तीन दिवस डोकं आपटलं, इकडचं तिकडे केलं आणि 10 तारखेला सगळं आपोआप हिरवं झालं. मी शेवटी जे बदललं होतं त्याला श्रेय दिलं आणि काम संपल्याचं कळवलं. पुढच्या एक तारखेला दोष पगारासारखा हजर. दहा तारखेला पगारासारखाच नाहीसा. तिसऱ्या महिन्यात शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, ‘सर, हा बग फक्त पगाराच्या आठवड्यातच का येतो?’ आणि तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. तिला नोकरीत येऊन चार महिने झाले होते. मला चौदा वर्षं.

तिसरी अडचण चावडीच्या स्वभावाची. एकच बातमी पाच वेळा आली तर काही सिसलॉग ती एकदा लिहून खाली ‘वरीलप्रमाणे, आणखी चार वेळा’ असा शेरा मारतात. जर्नल तर कुणी फार बडबड करू लागलं की वहीच मिटतो आणि ‘इतके निरोप गाळले’ असं नोंदवून मोकळा होतो. आमच्या एका टेस्टची अट होती की अमुक ओळ मोजून तीनदा आली पाहिजे. मोजणारा मोजतोय आणि लिहिणारा ‘वगैरे’ लिहितोय, असा तो संसार. शिवाय जुनी रीत अशी की निरोप जाळ्यावरून पाठवायचा असेल तर तो यूडीपीने, पोर्ट 514 वर सोडून द्यायचा. पोचला का, हे विचारायचं नाही. पत्रिका कुरिअरने पाठवली की आपली जबाबदारी संपली, तसं.

हे सगळं एकेक करून मार्गी लावलं आणि एका शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या. एकूण एक. टीमने टाळ्या वाजवल्या. कुणीतरी वडापाव मागवले. दुसरा वडापाव हातात असताना त्याच मुलीने विचारलं, ‘सर, टेस्ट मशीनवर पीबीएस कुठे चालू आहे?’

पीबीएस बंद होतं. दुपारी कुणीतरी बंद केलं होतं आणि चालू करायचं राहिलं होतं. जॉब गेले नव्हते, मॉम उठली नव्हती, आणि टेस्ट पास होत्या.

झालं होतं असं. जर्नलची वही वाचायला मोठ्या साहेबाचे अधिकार लागतात, म्हणून माझी चौकट ‘सुडो’ लावून विचारायची: या वहीत ‘जॉब संपला’ हे शब्द आहेत का? आणि सुडो हा असा पट्टेवाला, की साहेबाच्या नावावर कुणी काय विचारलं ते तो शब्दन् शब्द नोंदवतो. कुठे? त्याच वहीत. म्हणजे मी वहीत ‘जॉब संपला’ शोधायला गेलो की वहीत लिहिलं जायचं, ‘अमुक इसम जॉब संपला हे शब्द शोधत आला होता.’ दुसऱ्या खेपेला मी ते वाचायचो आणि म्हणायचो, सापडलं! मी माझाच प्रश्न उत्तर म्हणून स्वीकारत होतो. गल्लीत ‘त्या दोघांचं काही आहे का हो?’ असं चार घरी विचारत गेलं की पाचव्या घरी ‘हो, ऐकलंय खरं’ असं उत्तर मिळतं, त्यातला प्रकार. बोलणारा कोण हे न बघता नुसते शब्द ऐकले की असं होतं. मग कोड सुधारला: आधी ओळ पीबीएसचीच आहे ना ते बघायचं, शब्द नंतर. वडापावचे पैसे मी दिले.

आता एकाच प्रकारच्या टेस्ट उरल्या, आणि त्यांनी मला रडवलं. नसलेली गोष्ट शोधायच्या टेस्ट. उदाहरणार्थ, रद्द केलेला जॉब सुरू होता कामा नये. म्हणजे वहीत ‘सुरू झाला’ ही ओळ नसली पाहिजे. असलेली ओळ सापडली की शोध थांबतो. नसलेल्या ओळीसाठी किती वेळ थांबायचं? दहा सेकंद थांबून ‘नाही’ म्हणावं, तर अकराव्या सेकंदाला चावडीवरून निरोप यायचा. मिनिटभर थांबावं, तर शेकडो टेस्टची रात्र संपेना. आणि मुळात, कोरं पान म्हणजे काहीच घडलं नाही, की लिहिणाराच मेलाय? दोन्हीकडे पान सारखंच कोरं. शुक्रवारचा वडापाव अजून घशात होता.

ते कोडं डोक्यात घेऊन मी घरी आलो तर दारात दूधवाला उभा आणि आई हातात कालनिर्णय घेऊन.

‘काकू, फुल्या चार. सव्वीस दिवसांचे झाले,’ तो म्हणाला.

‘टिंबं मोज,’ आई म्हणाली.

‘फुल्या मोजल्या ना.’

‘फुली मी घरात असले तर मारणार. अकरा ते चौदा मी ताईकडे नाशिकला होते. घर बंद. ते चौकोन बघ, फुली नाही, टिंबही नाही. माझी खूण नाही, तर त्या दिवसाचं पान बोलत नाही.’

मी बूट काढता काढता थांबलो. ‘आई, टिंब म्हणजे काय?’

‘म्हणजे मी होते. बघितलं आणि लिहिलं. नाहीतर फुली नसली म्हणजे दूध आलं, हे कशावरून?’

जुना सिसलॉगसुद्धा हेच करायचा. दर वीस मिनिटांनी तो वहीत नुसतं ‘मार्क’ एवढंच लिहून ठेवायचा. बातमी काही नाही, पण मी आहे. मी ते शेकडो वेळा पाहिलं होतं आणि कचरा समजून गाळून टाकणारी ओळही माझ्या कोडमध्ये कौतुकाने लिहिली होती.

दुसऱ्या दिवशी मी टेस्ट बदलली. ‘लॉगर’ नावाची एक साधी कमांड आहे, तिने सिसलॉगमध्ये आपल्याला हवी ती ओळ लिहिता येते. जॉब रद्द केला, शेड्यूलरला एक फेरी पूर्ण करू दिली, की त्या मशीनवरच्या सिसलॉगमध्ये चौकट स्वतःचं एक टिंब टाकते. मग घड्याळ लावून बसायचं नाही; टिंबाची वाट बघायची. टिंब दिसलं म्हणजे लिहिणारा जिवंत आहे. आता टिंबाच्या वर ‘सुरू झाला’ नसेल, तर खरंच सुरू झालेला नाही. टिंबच आलं नाही, तर पानाला काही विचारू नये. दोन दिवसांच्या कामाला एकूण पाच महिने लागले. कोडमधल्या त्या खुणेला काय नाव द्यावं यावर थोडी चर्चा झाली. मी ‘आई’ सुचवलं, पण त्या जागेवर मॉम आधीच होती.

दुधाचा हिशोब मात्र पूर्ण सुटला नाही. चार फुल्या गेल्या, नाशिकचे चार दिवस गेले, तरी एकोणीस तारखेचा चौकोन कोरा निघाला. आई घरात होती, तब्येत बरी नव्हती, झोपून होती. फुली नाही, टिंब नाही. दूधवाला म्हणतो दिलं. आई म्हणते आठवत नाही. मी म्हणालो तो दिवस सोडून द्या. आईने त्या दिवसाचे अर्धे पैसे दिले, त्याने घेतले, दोघांचं समाधान झालं आणि तो गेला.

आमच्या चौकटीत पास, फेल, स्किप असे ठरलेलेच निकाल आहेत. ‘अर्धे पैसे द्या’ हा निकाल तिच्यात कसा बसवायचा, ते मी बघतो आहे. दोन दिवसांचं काम आहे.